वेलदोडा म्हणजे कल्याण

सकाळी मी बोलत नाही. उठल्यापासून दुपारचा नैवेद्य दाखवून होईपर्यंत मौन, हा माझा नेम. सासूबाई गेल्या त्या वर्षी धरला, देवाच्या कृपेनं अजून चालू आहे. दूधवाला, गॅसवाला, शेजारच्या दीपमालावहिनी, सगळ्यांना त्याची सवय झाली. हे मात्र कुणी घरी आलं की हटकून म्हणतात, "लोकांच्या बायका दिवसभर बोलून संध्याकाळी गप्प हुत्यात. आमची सकाळीच गप्प. दुपारनंतर मग मागची बाकी निघती."

हे म्हणजे माझे यजमान. तोफखान्यात होते, सुभेदार होऊन घरी आले. गावचा ऊस भावाच्या हवाली केला आणि सांगलीत विश्रामबागेत घर बांधलं. सगळे त्यांना सुभेदारकाका म्हणतात. गाणं शिकलेले नाहीत. गळा तर असा, की आरतीला फक्त टाळ वाजवतात आणि तोंड हलवतात. पण कान! सरहद्दीवर थंडीत रेडिओला डोकं लावून ऐकत बसायचे म्हणे, त्यातच कान तयार झाला. गवयानं नुसता गळा मोकळा केला तरी हे मान डोलावून राग सांगायचे, आणि तो चुकायचा नाही.

लग्नानंतर मलाही शिकवलं. मी रहिमतपूरची, भजनात वाढलेली. राग म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. यांनी पुस्तकातलं काही सांगितलं नाही. म्हणाले, "लग्नाला गेल्यावर तुमी बायका काय बघता? कोण आलं न्हाई ते. तसंच बघ. सात सुरांतला कोण आला न्हाई ते आधी बघ. मग आलेल्यांत मान कुणाचा हाय, सगळी वळून वळून कुणाजवळ बसत्यात, ते बघ. मग चाल बघ, सरळ येतोय का वळसा घालून. नाव सगळ्यात शेवटी. नावाची घाई करू नको."

भूप आणि देशकार ही जोडी त्यांनी अशीच समजावली होती. दोन सख्ख्या जावा. दोघींकडं तेच पाच सूर, मध्यम नाही, निषाद नाही. पण भूप गंधारापाशी येऊन टेकतो, आणि देशकार वर धैवतापाशी उभा राहतो. भूप संध्याकाळी दिवे लागल्यावर, देशकार सकाळी.

मला ते टेकणं आणि उभं राहणं समजायला बरीच वर्षं लागली. वेळ मात्र लगेच समजली. माझा दिवस देवाच्या घड्याळावर चालतो. भैरव म्हणजे न्हाऊन ओल्या केसांनी देवघरात बसणं. तोडी म्हणजे फुलं वाहून झाली, जप सुरू. सारंग म्हणजे नैवेद्याचं ताट. कल्याण म्हणजे सांजवात. असे माझे राग त्या त्या कामाला चिकटून बसले. यांचं ओळखणं कानावरचं, माझं वेळेवरचं. पण नाव बरोबर यायचं, म्हणून कधी कुणी खोलात गेलं नाही.

विश्रामबागेत आमचं एक श्रवण मंडळ आहे. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचं. भाऊसो, म्हणजे मंडळाचे सेक्रेटरी, एक जुनं ध्वनिमुद्रण लावतात. कोण गातंय, काय गातंय, काही सांगत नाहीत. मंडळाचा नियम एकच, सकाळी सकाळचेच राग. गाणं संपलं की प्रत्येकानं आपापला अंदाज बांधायचा, आणि मग भाऊसोंनी वळून विचारायचं, "काका?" हे डोळे मिटून नाव सांगणार. नंतर ते का, कशावरून, ते समजावणार. नवी मुलं खास त्यासाठी यायची. या एका "काका?"साठी हे रविवारी इस्त्रीचा सदरा घालायचे.

मग कान गेले. तोफांजवळ काढलेली वर्षं, त्यांनी आपली वसुली उशिरा केली. आधी टीव्ही मोठा झाला, मग फोनवर माणसं हळू बोलायला लागली, मग डॉक्टरांनी मशीन दिलं. मशीननं बोलणं परत आलं. गाणं आलं नाही. पहिल्याच दिवशी यांनी घरी तानपुऱ्याची कॅसेट लावली आणि उठून बंद केली. म्हणाले, "टेप खराब झाली." दुसरी लावली. तीही खराब. तिसरी लावली नाही.

"बोलणं येतंय गं," मला शेवटी म्हणाले. "पर सूर वाकडा येतोय. षड्ज म्हणून एक लागतोय आणि कानात दोन येत्यात, त्येबी एकमेकाशी भांडत. मशीन काढलं तर भिंतीमागं कुणीतरी रडल्यागत."

"मग मंडळात सांगून टाकू," मी म्हटलं.

"सांग की," म्हणाले. "मग मी तिथं काय करू? खुर्च्या लावू?"

त्या रविवारी मी शेजारी बसले होते. गाणं भैरवाचं होतं, उघड उघड भैरव. यांचा चेहरा कोरा. माझं मौन, त्यामुळं कानात काही सांगायची सोय नाही. माझ्या पर्समध्ये मुखशुद्धीची डबी असते. मी त्यातली एक लवंग काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. घरी आम्ही भैरवाला नेहमी लवंगेसारखा म्हणायचो, जिभेला झोंबणारा पण देवाचा. त्यांनी लवंगेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "काका?" भाऊसोंनी विचारलं. "भैरव," हे म्हणाले.

तिथून ते सुरू झालं. लवंग म्हणजे भैरव आणि त्याच्या घरचे. सुंठ म्हणजे तोडी. बडीशेप म्हणजे काफीच्या घरचा सारंग. खडीसाखर बिलावलच्या घरची, त्यातच देशकार. वेलदोडा म्हणजे कल्याण, भूप त्याच्याच घरचा, पण तो सकाळी लागायचाच नाही. घर, म्हणजे थाट, कळलं की त्यातला माणूस कोणता, ते मी नखानं त्यांच्या तळव्यावर अक्षर काढून सांगायची. मी तोंडानं काही बोलत नव्हते, म्हणून खोटंही बोलत नव्हते, असं मी देवासमोर मनाशी म्हणायची. देव काही म्हणायचा नाही.

एकदा घोटाळा झालाच. बाळासो म्हणून एक पैलवानी गृहस्थ यांच्या पलीकडं बसतात. मी सुंठ पुढं केली आणि बाळासोंनीच हात घातला. "द्या वहिनी, घसा धरलाय." सुंठ गेली. दुसरा तुकडा डबीत नव्हता. मी नखानं "तो" काढलं, यांना "ता" वाटलं, आणि पुढचे कितीतरी क्षण हे डोळे मिटून बसले, जणू रागात बुडालेत. शेवटी "तोडी" म्हणाले. बाळासोंनी सुंठ चघळत मान डोलावली.

हसू यायचं तेव्हा. पण पुढं पुढं नुसता थकवा यायला लागला. पूर्वी मी ऐकत असताना कुठंतरी जायची, आईच्या अंगणात, नाहीतर देवाच्या पायाशी. आता मी पोलीसपाटलागत बसायची. कोण आला, कोण नाही आला, लवकर लवकर. नाव कळलं की डबी उघडायची, आणि मग उरलेलं गाणं ऐकू यायचंच नाही, कारण काम संपलेलं असायचं. घरी आल्यावर स्वयंपाक, नैवेद्य. नैवेद्य झाला की तोंड उघडायला मोकळी, पण बोलायचं काही उरलेलं नसायचं. मी आडवी व्हायची.

अशात औंधची बैठक ठरली. मंडळानं यमाईच्या डोंगराखाली एका सभागृहात दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवला. शनिवारी संध्याकाळी गाणं, रविवारी सकाळी 'राग कसा ओळखावा' अशी बैठक. कोणीतरी नवा गायक गाणार, राग सांगणार नाही, आणि मग सुभेदारकाका उठून सांगणार. लांबलांबून लोक येणार होते. भाऊसो घरी निमंत्रण घेऊन आले तेव्हा दुपार टळून गेली होती, मी बोलू शकत होते.

"आवं, नको," भाऊसो गेल्यावर मी म्हटलं. "तिथं बैठक खाली गादीवर. बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. मी देणार कशी?"

"कडेला बस की. मी बी कडेला बसतो. मधी वाट तेवढी."

"आणि चुकलं तर?"

"तू कवा चुकलीस?" हे म्हणाले आणि सदरा इस्त्रीला काढून ठेवला.

शनिवारी आम्ही रहिमतपूरला माझ्या भावाकडं, अर्जुनाकडं उतरलो. संध्याकाळच्या गाण्याला गेलो नाही, यांना दोन बैठका झेपत नाहीत. पहाटे अर्जुनानं जीपनं औंधला सोडलं. यमाईचं दर्शन घेतल्याशिवाय तोंडात पाणी घालायचं नाही, हा माझा औंधचा नेम, लहानपणापासूनचा. यांना खाली सभागृहाच्या दारात सोडून मी एकटी डोंगर चढले. पूर्वी पळत चढायची. या वेळी गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला आठवण करून दिली. वर पोहोचले तेव्हा देवीसमोर हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. नुसती उभी राहिले. मग मनात आलं, आई, मला जरा बसू दे. एवढंच.

खाली आले तोवर बैठक भरली होती. मंडळाचे सगळे पुढं. बाळासोंनी मला बघून डबीसाठी हात केला, मी मान हलवली. कडेची जागा भाऊसोंनी माझ्यासाठी राखली होती. हे वाटेच्या पलीकडं, पेटीवाल्याच्या अगदी समोर. गाणारी मुलगी रेश्मा, कॉलेजातली वाटावी एवढी. डोळे मिटून तिनं षड्ज लावला. सभागृहाच्या खिडक्यांतून सकाळचं ऊन आत आलेलं. पोटात अन्न नाही, पायांत गोळे, आणि तो षड्ज असा शांत की माझ्या पापण्या जड झाल्या.

मध्यम नाही. निषाद नाही. सकाळ. देशकार. एवढ्यात माझं ओळखणं झालंसुद्धा. मी डबी उघडली, खडीसाखरेचा खडा काढला आणि वाटेवरून हात लांब करून त्यांच्या हातात दिला. देता देता नखानं तळव्यावर "दे" काढलं. मग मागच्या खांबाला टेकून बसले. पुढचं गाणं मी ऐकलं असं म्हणता येणार नाही. ते अंगावरून जात होतं.

गाणं संपलं. टाळ्या. भाऊसो उठले. "आता आमचे सुभेदारकाका सांगतील, हा राग कोणता, आणि कशावरून."

हे उठले. सदऱ्याची बाही सारखी केली. का कोण जाणे, क्षणभर पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि म्हणाले, "देशकार."

लोक कुजबुजले. मागून कुणीतरी हसलं. रेश्मा गोंधळून भाऊसोंकडं बघायला लागली. मग अगदी हळू, अगदी अदबीनं म्हणाली, "काका, मी भूप गायले. काल संध्याकाळी गायचा होता, लाईट गेली म्हणून माझं गाणं आज ढकललं. तयारी तीच होती, म्हणून तोच..."

"काका, मी सांगितलं की हो तुमाला मघाशी दारात," भाऊसो कसनुसे म्हणाले. "की कालचं गाणं आज हाय म्हणून."

सांगितलं असणार. दारात गर्दी, चपलांचा ढीग, चारचौघं एकदम बोलणार. मशीनमध्ये नुसता कल्लोळ आला असणार, आणि हे मान डोलावून "बरं बरं" म्हणाले असणार. तेव्हा मी डोंगरावर होते.

मागून एक आवाज आला, "वय झालं आता."

हे उभेच होते. "चुकलं माझं," म्हणाले. "भूप आणि देशकार मला वेगळं करता आलं न्हाई."

ज्या माणसानं मला दोन जावांची गोष्ट सांगितली, तो असं म्हणत होता. आणि ते खोटं होतं. चूक माझी होती. सूर्य अजून माथ्यावर यायचा होता, नैवेद्य दूर होता. इतक्या वर्षांत माझा नेम कशानं मोडला नव्हता, तापात नाही, भावजय गेली तेव्हाही नाही. मी खांबाला हात लावून उठले.

"त्यांचं नाही चुकलं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला, सकाळी तो मी ऐकलेलाच नव्हता. "चूक माझी आहे. त्यांना सूर ऐकू येत नाहीत. मी सांगते, ते बोलतात. मी आज नीट ऐकलं नाही. वेळ बघून सांगितलं."

यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी उठले नसते तर बरं, असं वाटलं. त्यांची चूक झाकायला उठले आणि त्यांचं झाकलेलं सगळं उघडं करून बसले.

तेवढ्यात बाळासो बोलले, त्यांचा आवाज मुळातच तालमीतला. "वहिनी, बसा आता खाली. आमाला ठावं हाय की."

"काय ठावं हाय?" यांनी विचारलं.

"वर्ष झालं काका. तुमच्या हातात सुंठ आली की तोडी, बडीशेप आली की सारंग. आमी येवढं दोन सुरांत राग वळखायला बसतोय, आमाला वेलदोडा वळखाया येणार न्हाई व्हय?" लोक हसले. "मी तर मुद्दाम सुंठ खाल्ली त्या दिवशी. म्हटलं बघूया काका काय करत्यात."

"बाळासो!" भाऊसो ओरडले.

"आवं मग! मजा हुती ती."

मग सगळेच मोकळे झाले. कुणाच्या चुलत्याचं मशीन, कुणाच्या सासऱ्याचं, कोल्हापूरचे डॉक्टर चांगले, गाण्यासाठी मशीनमध्ये वेगळी सोय करून देतात, सेल बदलून बघा. रेश्मा येऊन यांच्या पाया पडली. हे सगळ्यांना हसून "व्हय, व्हय" म्हणत होते. मी एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढली आहेत, ते हसू कुठलं ते मला कळतं. भाऊसो म्हणाले, "काका, पुढच्या रविवारी तुमीच सांगायचं, आपला रिवाज हाय." हे म्हणाले, "न्हाई. आता रेश्माला सांगू दे. न्हाईतर कुणालाबी."

जेवणाला आम्ही थांबलो नाही. अर्जुनाची जीप यायला अवकाश होता, म्हणून एस्टी स्टँडवर जाऊन बाकावर बसलो. मधल्या काळात दुपार झाली होती. पर्समध्ये देवीचा प्रसाद होता, तोच मनात नैवेद्य म्हणून दाखवला. मोडलेल्या नेमावर असा नैवेद्य चालतो का, मला माहीत नाही.

प्रसादाचा अर्धा भाग मी त्यांच्या हातावर ठेवला. मग हेच म्हणाले, "भूप हुता ते मला दिसत हुतं."

"काय दिसत होतं?"

"पेटीवाला समोरच हुता की. षड्जाची पट्टी त्यानं सुरुवातीलाच दाबून धरलेली, तिथनं मोजलं. त्याचं बोट सारखं गंधारावर येऊन टेकत हुतं. वर धैवताला जायचं आणि लगेच खाली. देशकारात असं व्हईल का? भूपच."

"मग देशकार का म्हणालात?"

"तू खडीसाखर दिलीस."

"आवं, पण डोळ्यांना दिसत होतं ना?"

"दिसत हुतं. मनात आलं, हिनं कानानं ऐकलंय, आपण नुसतं बघतोय. वर्षभर तुझ्या हातावर बोललो. आज तुझ्यापुढं दुसरं नाव घ्यायचं, म्हंजे तू दिलेला खडा फेकून द्यायचा. ते मला जमलं न्हाई."

इतका वेळ धरलेलं मग माझ्या तोंडून निघालं. म्हटलं, जमवायला हवं होतं. म्हटलं, मी दमले. मला गाणं ऐकायला मिळत नाही, फक्त पकडायला मिळतं. कितीतरी रविवारी मी नाव सांगितलं आणि गाणं घरी आणलंच नाही. आज ती पोर काय गायली ते मला आठवतसुद्धा नाही. म्हटलं, तुमचा मान राखायचा म्हणून मी देवाच्या दारातून पळत खाली आले. आणि तुम्ही... बोलता बोलता लक्षात आलं, त्यांनी कानातलं मशीन काढून मुठीत धरलंय. फलाटावर एक एस्टी धडधडत मागं वळत होती, तिचा आवाज सहन होत नाही त्यांना.

मी थांबले. एस्टी गेली. त्यांनी मशीन पुन्हा कानात घातलं, दोनदा चाचपून बसवलं.

"आता बोल," म्हणाले. "पहिल्यापासून."

मला पुन्हा सगळं बोलायचा कंटाळा आला. "दमले म्हटलं," मी म्हणाले. "एवढंच."

त्यांनी मान हलवली. समोर एक बाई पोराला केळं सोलून देत होती, तिच्याकडं बघत राहिले.

"मग पुढच्या रविवारी तू मागं बस. मी दारापाशी बसतो. कोण आलं न्हाई, कोण बसलं, काय बघू नको. नाव काढू नको."

"आणि तुम्ही काय कराल?"

"मी तुझ्याकडं बघत बसीन," हे म्हणाले. "तू ऐकताना तुझं तोंड कसं हुतं, ते मी विसरलोय."

अर्जुनाची जीप वळणावर दिसली. उठायला हवं होतं. पण आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो. शेवटी अर्जुनानंच जवळ येऊन हॉर्न वाजवला, तेव्हा यांनी कानावर हात ठेवला.